चारच्या पाढ्यात न बसलेली नाडी

सातवीच्या वर्गाला 'दर' शिकवताना माझी मोठी अडचण अशी, की आमच्या भागातल्या मुलांना दर आधीपासूनच माहीत असतो. येडगाव धरणाच्या पाण्याकडेला आमची जिल्हा परिषदेची शाळा. शाळेच्या कुंपणापलीकडे टोमॅटो, त्यापलीकडे कांदा, त्यापलीकडे ऊस. फळ्यावर 'दर' एवढी दोन अक्षरं लिहून मी वळतो न वळतो, तोच मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, आज टोमॅटो लई पडलं." मग दुसरा म्हणतो, "न्हाय सर, काल पडलं व्हतं, आज चढलं." पुढची पंधरा मिनिटं वर्गात बाजार भरतो. दर म्हणजे एका मिनिटामागे किती, एका तासामागे किती, एका दिवसामागे किती, हे सांगायचं बाजूलाच राहतं.

पंचवीस वर्षं मी गणित शिकवतोय. मूळचा मी आंबेगाव तालुक्यातला, पेठचा, पण नोकरीची बहुतेक वर्षं जुन्नर तालुक्यात गेली. या काळात माझ्याबद्दल माझं मत फार चांगलं झालं होतं. इतरांचंही तसंच असावं असा माझा समज होता, कारण मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

एका प्रशिक्षणात आम्हाला सांगण्यात आलं, "गणित मुलांच्या अंगाशी जोडा." सांगणाऱ्याचा अर्थ रोजच्या जगण्याशी जोडा असा असणार. मी मात्र शब्दशः घेतलं. अंगाशी म्हणजे अंगाशी! नाडी, श्वास, ताप, औषधाचा डोस. सगळ्यात दर आहेच की. टोमॅटोचा काही संबंध नाही. मी खूश झालो. पुढच्या महिन्यात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद होती, म्हणजे आसपासच्या पाच-सात शाळांचे शिक्षक एका दिवसापुरते जमणार होते. तिथे आपण हा पाठ मांडायचा आणि टाळ्या घ्यायच्या, हेही मी त्याच बैठकीत ठरवून टाकलं. पुढे ते प्रकरण माझ्याच अंगाशी आलं, ही गोष्ट वेगळी.

सुरुवात मी खोकल्याच्या औषधाने केली. थंडीचे दिवस होते, निम्मा वर्ग खोकत होता. फळ्यावर उदाहरण घातलं : एक चमचा औषध दिवसातून तीन वेळा, तर पाच दिवसांत किती चमचे? सगळ्यांनी पंधरा लिहिलं. फक्त एका मुलीने वहीत काहीच लिहिलं नाही.

ही मुलगी तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची. हळू लिहिणारी, वही सगळ्यांत शेवटी आणून देणारी. आकडेमोड करताना तिचे ओठ हलायचे आणि ती सवय मोडावी म्हणून मी दोन वर्षं तिच्या मागे लागलो होतो. तिची आई गावाची आशाताई. घरोघरी जाऊन गरोदर बायांची आणि तान्ह्या पोरांची विचारपूस करणारी, लसीकरणाला बोलावणारी, निळ्या काठाच्या साडीतली बाई. एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं.

"का गं, लिहिलं नाहीस?" मी विचारलं.

"सर, चमचा कंचा?"

"कोणता म्हणजे? चमचा. घरातला."

"आमच्या घरात चार परकारचे हायेत."

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "मग उद्या सगळ्यांनी आपापल्या घरचा चमचा घेऊन या." मला वाटलं, मी फार हजरजबाबी आहे. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एकोणीस चमचे पडले. चहाचा, पोह्याचा, मिठाच्या बरणीतला लाकडी, आणि एकाने तर तेलाची पळीच आणली होती. औषधाच्या बाटलीच्या मापाच्या झाकणाने आम्ही प्रत्येकात किती पाणी मावतं ते मोजलं. पळीवाल्याच्या घरी आजोबांना दिवसाकाठी जेवढं औषध जात होतं, तेवढ्यात चहाच्या चमच्यावाल्यांचं घर आठवडाभर खोकलं असतं.

"आमचं आजोबा लई झोपतात," पळीवाला काळजीने म्हणाला.

मी त्याला तेव्हाच्या तेव्हा घरी पाठवून झाकण वापरायला सांगायला लावलं. मग ही सगळी युक्ती माझीच असल्यासारखी पाठाच्या टाचणात लिहून काढली. चमच्याचा प्रश्न कुणी विचारला होता, ते लिहायला जागा उरली नाही.

त्याच सुमारास मला अधूनमधून चक्कर यायला लागली होती. फळ्याजवळ खाली वाकून खडू उचलला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. जिना चढताना पाय जड व्हायचे. बायको म्हणाली, "अहो, दाखवून या एकदा." मी म्हणालो, "चष्म्याचा नंबर बदललाय." तिने विचारलं, "पाय जड होतात ते पण चष्म्यानं?" त्यावर मी पेपर वाचत राहिलो.

माझ्या गोळ्यांची हकीकत इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही. मला रक्तदाब आहे. गावाकडच्या डॉक्टरांनी त्यासाठी सकाळी एक गोळी लावून दिली होती. मग नोकरीच्या गावी एका डॉक्टरांकडे सहज तपासायला गेलो. त्यांनी विचारलं, "आधीची काही गोळी चालू आहे का?" आता, समोरचा डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. त्याच्या बाकड्यावर माझ्या ओळखीचे दोन पालक बसलेले. मी म्हणालो, "छे, विशेष काही नाही." त्याने रक्तदाब बघितला. लोणच्या-पापडाच्या कृपेने तो वरच होता. त्याने सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी लिहून दिली. घरी येऊन मी विचार केला, की दोघेही शिकलेले, दोघांचाही मान राखावा. म्हणून मी सकाळी दोघांचीही घ्यायला लागलो आणि संध्याकाळी दुसऱ्याची. एका पाकिटाचा रंग लाल, दुसऱ्याचा हिरवा. मला वाटायचं, एक रक्ताची, एक दाबाची.

नाडीचा पाठ मी सोमवारी घेतला. मुलांना जोडीजोडीने बसवलं. मनगटावर दोन बोटं कशी ठेवायची, अंगठा का ठेवायचा नाही, कारण अंगठ्यालाही स्वतःची नाडी असते, हे सगळं रुबाबात समजावलं. "पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. झाला मिनिटाचा दर. गणिताचा फायदा हाच, की वेळ वाचतो." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून "सुरू" म्हणायचो, "थांबा" म्हणायचो, आणि मुलं आकडे सांगायची. फळ्यावर यादी झाली. चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, ऐंशी, चौऱ्याऐंशी, ब्याण्णव. फार सुंदर यादी.

एकोणीस मुलं म्हणजे जोड्या लावून एक उरतोच. उरली ती खिडकीजवळची मुलगी. मी माझी बाही वर केली आणि हात तिच्यापुढे धरला. "हं, मोज. आणि बघा रे, पन्नाशीतल्या माणसाची नाडी कशी असते. रोज चालणारा माणूस आहे." प्रत्यक्षात मी रोज घरापासून मोटारसायकलपर्यंत चालत होतो.

मी "थांबा" म्हणालो. सगळे थांबले. ती थांबली नाही. तिचे ओठ हलत होते. मी पुन्हा म्हणालो, "थांब, झाले पंधरा सेकंद." तिने मान हलवली आणि मोजतच राहिली. वर्ग खुसखुसायला लागला. शेवटी तिने माझा हात सोडला.

"किती?"

"त्रेचाळीस."

"पंधरा सेकंदांत त्रेचाळीस?" मी हसलो. "मग मला पळायला लावलं होतंस की काय?"

"न्हाय सर. मिनटाला त्रेचाळीस."

आता गणिताच्या मास्तराला उत्तर चुकलेलं ओळखायला नाडी बघावी लागत नाही. मी वर्गाकडे वळून म्हणालो, "मुलांनो, पंधरा सेकंदांचे ठोके चारने गुणले, तर उत्तर कोणत्या पाढ्यात येणार?"

"चारच्या!" सगळा वर्ग.

"चारच्या पाढ्यात त्रेचाळीस येतो का?"

"न्हाय!"

"मग उत्तर बरोबर की चूक?"

"चूक!"

पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतकी बिनतोड सिद्धता मी क्वचितच दिली असेल. मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "मी पुरं मिनिट मोजलं व्हतं." मी म्हणालो, "सांगितलं होतं किती? पंधरा सेकंद. सूचना ऐकायला शिक आधी." आणि तिच्या वहीत त्या त्रेचाळीसवर लाल शाईने मोठी फुली मारली. खाली लिहिलं : 'पाढे पाठ करणे.'

तिला पाढे येत होते, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासालाच तिची आई दारात उभी राहिली. निळ्या काठाची साडी, खांद्याला पिशवी. मी मनात म्हटलं, आली तक्रार. पालक भांडायला आला की काय बोलायचं, याचं माझं एक भाषण ठरलेलं आहे. त्यात शिस्तीचं महत्त्व येतं, आमच्या वेळचे गुरुजी येतात. मी घसा साफ केला.

"ताई, बसा. त्याचं असं आहे, की मुलांना शिस्त..."

"सर, हात द्या जरा."

"काय?"

"हात द्या. पोरगी राती जेवली न्हाय. म्हनली, आये, सरांची नाडी बरुबर न्हाय. मी म्हनलं, तू मोजाया चुकली आसशील. तर रडाया लागली. मंग म्हनलं, आपुनच जाऊन बघावं."

मी हात दिला. सगळा वर्ग बघत होता. तिने पिशवीतून छोटा टायमर काढला, तो बटन दाबल्यावर टिकटिक करायला लागला, आणि ती माझ्या मनगटावर बोटं ठेवून मोजायला लागली. मला वाटलं, पंधरा सेकंदांनी थांबेल. थांबली नाही. मी पहिल्यांदाच एक पूर्ण मिनिट किती असतं ते बसून अनुभवलं. त्यात माझं भाषण पूर्ण विसरून झालं.

"बेचाळीस," ती म्हणाली. मग तिने वर बघितलं. "सर, तुमाला चक्कर येती का?"

"चष्म्याचा नंबर..."

"पाय जड व्हतात?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"गोळ्या कंच्या खाता?"

"एक लाल पाकिटातली, एक हिरव्या."

"नावं काय त्यांची?"

पंचवीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, की उत्तराबरोबर एकक लिहा, नाव लिहा, नुसता आकडा चालणार नाही. मला माझ्या गोळ्यांची नावं सांगता आली नाहीत. ती म्हणाली, "सर, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला." मी म्हणालो, "हा तास संपला की जाऊ." आणि शाळेतला कारभार आपल्यावाचून कसा अडतो हे दाखवण्यासाठी झटक्यात उभा राहिलो.

उभा राहिलेलं मला आठवतं. नंतरचं आठवतं ते म्हणजे मी फळ्याखाली जमिनीवर उताणा पडलोय आणि एकोणीस चेहरे वरून माझ्याकडे बघताहेत. पळीवाला मुलगा वहीने वारा घालत होता. आशाताईने माझे पाय उचलून खुर्चीवर ठेवले होते. शिक्षक म्हणून माझ्या प्रतिष्ठेला ते आसन शोभत नव्हतं, पण मला बरं वाटत होतं.

शाळेशेजारच्या शेतात टोमॅटोचे क्रेट भरायला आलेली एक पिकअप उभी होती. मला तिच्यात पुढे बसवलं. पलीकडून ड्रायव्हरने आपुलकीने विचारलं, "काय राव गुरुजी, सकाळी जेवला न्हाय का?" मागे आशाताई आणि एक सहकारी शिक्षक क्रेटवर बसून आले. आशाताईने बायकोला फोन करून सांगितलं, की येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, एकही सोडू नका.

दवाखान्यात छातीला, हाताला, पायाला वायरी लावल्या, कागदाची लांबलचक पट्टी निघाली. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. पट्टी बघून त्यांनी विचारलं, "हे लक्षात कुणाच्या आलं?"

"माझ्या मुलीच्या," आशाताई म्हणाली. "सातवीत हाये."

तेवढ्यात बायको पोचली. तिने पिशवी टेबलावर उपडी केली. डॉक्टरीणबाईंनी लाल पाकीट उचललं, मागची बारीक अक्षरं वाचली. हिरवं उचललं, वाचलं. मग दोन्ही माझ्यासमोर शेजारीशेजारी ठेवली.

"यातली सकाळी कोणती घेता?"

"दोन्ही."

"आणि संध्याकाळी?"

"हिरवी."

"म्हणजे दिवसाला एकूण किती गोळ्या झाल्या?"

"तीन," मी म्हणालो. एवढं मला जमलं.

"सर, ही दोन्ही एकच औषध आहेत. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी. हृदयाचे ठोके हळू करणारं औषध आहे हे. तुम्ही एकाच औषधाच्या दिवसाला तीन गोळ्या घेताय." त्यांनी दोन्ही पाकिटं बाजूला सारली. "तुम्ही शाळेत काय शिकवता?"

मी तोंड उघडलं, पण बायकोने माझ्या आधी उत्तर दिलं.

"गणित," ती म्हणाली. "सध्या दर चाललाय."

डॉक्टरीणबाईंनी खाली मान घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं. त्यांचे खांदे हलत होते. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं, की गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, कमीही करायच्या नाहीत, त्या सांगतील तशाच घ्यायच्या, आणि पुढच्या वेळी कोणत्याही डॉक्टरने विचारलं की आधीच्या सगळ्या गोळ्या दाखवायच्या. "अजून काही दिवस असंच चाललं असतं आणि तुम्ही मोटारसायकलवर असता, तर?" एवढंच म्हणाल्या. पुढचं मला बोलून दाखवायची गरज नव्हती. रोज येताना मला एक वळण लागतं, तिथून खाली धरणाचं पाणी दिसतं.

दोन दिवस मला तिथे ठेवलं. माझ्या उशाशी एक यंत्र होतं, त्याच्यावर माझा दर मिनिटाचा आकडा दिसायचा. त्रेचाळीस, सेहेचाळीस, एक्कावन्न. जसजसं औषध उतरत गेलं, तसतसा आकडा चढत गेला. मी पडल्यापडल्या तो बघत राहायचो आणि दर वेळी मनात चारने भागून बघायचो. बहुतेक वेळा भाग जात नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा खरी लाज वाटली. चक्कर येऊन पडल्याची नव्हे, त्या लाल फुलीची. एक पोर मला सांगत होती की तुमच्या जिवाचं काही खरं नाही, आणि मी तिला पाढे पाठ करायला सांगत होतो.

आठ दिवसांनी मी शाळेत गेलो. टाळ्या झाल्या. मी त्या थांबवल्या आणि खिडकीजवळच्या मुलीला वही घेऊन यायला सांगितलं. घरून येताना मी चार चांगली वाक्यं तयार केली होती. तिच्यासमोर ती आठवली नाहीत. मी लाल फुली खोडली, शेजारी बरोबरची खूण केली आणि म्हणालो, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

तिने वही नीट बघितली. "सर, सही करा. तारीख पन."

मी सही केली, तारीख घातली.

ती जागेवर गेली नाही. फळ्याकडे बघत म्हणाली, "मंग सर, बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांचं काय?"

"त्यांची उत्तरं पन चुकली आसतील. मागल्या सोमवारी फळ्यावर सा जनांची चौऱ्याऐंशी व्हती. सा जनांचं काळीज येकसारखं कसं चालंल?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी त्या यादीला सुंदर म्हटलं होतं. त्या दिवशी आम्ही पुन्हा नाड्या मोजल्या, आधी पंधरा सेकंद आणि मग पुरं मिनिट, दोन्ही शेजारीशेजारी लिहिलं. पहिल्या रांगेत सगळे चारच्या पाढ्यातले. दुसऱ्या रांगेत एक्क्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी, त्र्याण्णव. मुलांनीच शोधून काढलं, की पंधरा सेकंदांत एक ठोका हुकला तर मिनिटाच्या हिशेबात चार हुकतात. दर म्हणजे काय ते त्यांना त्या तासाला कळलं. मला वाटतं, मलाही तेव्हाच कळलं.

शिक्षण परिषदेत मी पाठ मांडला. चमचे सांगितले, चमच्याचा प्रश्न कुणाचा तेही सांगितलं. नाडीच्या प्रसंगाला मात्र धीर झाला नाही. मी म्हणालो, "एका शिक्षकाच्या बाबतीत असं घडलं, की..." तेव्हा आमचे केंद्रप्रमुख पहिल्या रांगेतून म्हणाले, "सर, पुढं चला. तो शिक्षक पिकअपमधून गेला तेव्हा अर्ध्या तालुक्यानं बघितलाय." टाळ्या भरपूर मिळाल्या, फक्त ठरवलेल्या जागी मिळाल्या नाहीत.

त्यानंतर मी आशाताईला विचारलं, की तुम्ही लोक मिनिट पुरं का मोजता? ती म्हणाली, "सांगून कळायचं न्हाय, या येकदा." म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर गेलो. गावाबाहेर कांद्याच्या कामाला आलेल्या मजुरांची पालं पडली होती. एका पालात सात महिन्यांचं बाळ सर्दीने आजारी होतं. आई म्हणत होती, "दूध वढत न्हाय." आशाताईने बाळाचं झबलं वर केलं आणि मला म्हणाली, "सर, पोट वर-खाली व्हतंय ते येक धरायचं. तुमी मनात मोजा, मी पन मोजती. बोलायचं न्हाय."

टायमर सुरू झाला. नाडी बोटाला लागते, श्वास नुसता दिसतो, आणि तोही नीट दिसत नाही. बाळ मधेच हुंदका द्यायचं, कूस बदलायचं, तीन-चार श्वास भरभर घ्यायचं आणि मग क्षणभर थांबायचं. मी कुठल्या पंधरा सेकंदांवर बोट ठेवणार होतो? मिनिट संपलं.

"किती?"

"सेहेचाळीस."

"माझं सत्तावन," ती म्हणाली. "परत."

दुसऱ्यांदा मी गुडघे टेकून, अगदी जवळ जाऊन मोजलं. ओठ हलत होते माझे, ते मला मागाहून कळलं. या खेपेला माझे छप्पन्न आले, तिचे सत्तावन्न.

"पन्नासच्या वर," ती बाळाच्या आईला म्हणाली. "हितं थांबायचं न्हाय." लगेच तिने फोन काढून एकशे आठची गाडी बोलावली. बाळाची आई घाबरली, तिला शेतमालकाला विचारायचं होतं, कामाचा दिवस बुडणार होता, कपडे वाळत होते. आशाताईने तिच्याशी वाद घातला नाही. कपडे दोरीवरून काढले, घडी करून पिशवीत भरले आणि पिशवी तिच्या हातात दिली. गाडी येईपर्यंत बाळाला कसं धरायचं ते दाखवलं. मला काहीच काम नव्हतं, म्हणून मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो आणि गाडी दिसल्यावर हात हलवला.

परत येताना मी तिला विचारलं, "पहिल्या वेळी माझे अकरा कमी कसे आले? मी नीट बघत होतो."

"सगळ्यांचं तसंच व्हतं सर," ती म्हणाली. "लेकरू आजारी नसावं आसं आपल्याला वाटत आसतं. मंग थोडं थोडं सोडून देतो आपन. माझं पन सुरवातीला तसंच व्हायचं."

बाळाला न्यूमोनिया होता. पाचव्या दिवशी ते परत आलं. मी बघायला गेलो तेव्हा त्याची आई वाफ्यात कांदा लावत होती आणि ते बांधावर गोधडीत पालथं पडून माती खायच्या प्रयत्नात होतं. मी ते आशाताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "माती काढा की मंग त्याच्या तोंडातनं, फोन काय करताय?"